द्राक्षमळा, वाइन आणि पाहुणे

नाशिकला जाणारा मराठी माणूस पूर्वी रामकुंडावर स्नान करी, काळारामाचे दर्शन घेई, त्र्यंबकेश्वरची एस.टी. धरी आणि परतताना चिवडा बांधून घेई. या क्रमात आता गंगापूर धरणाच्या परिसरातील वाइनच्या कारखान्याची भर पडली आहे. ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, त्यानंतर पाहुण्यांसाठी चव घेण्याचे दालन उघडले, आणि आज तेथे सुटीच्या दिवशी जत्रा लोटते. या जत्रेकडे नाक मुरडून पाहण्याचे कारण नाही. पण तेथे काय दाखविले जाते आणि काय दाखविले जात नाही, याची चर्चा मात्र व्हावयास हवी.

दाखविले जाते ते खरोखर पाहण्याजोगे असते. पांढऱ्या वाइनसाठी रस पिळून साली लगेच वेगळ्या करतात. तांबड्या वाइनसाठी रस सालींसकट आंबवितात, आणि रंग येतो तो सालींतून. किण्व साखर खाते. तिचे मद्यार्क आणि कर्बवायू होतात. आंबण्यामागील सूक्ष्मजीवांचे हे कार्य पाश्चरने गेल्या शतकाच्याही आधी उलगडले होते. पोलादी टाक्यांभोवती थंडावा खेळविलेला असतो, कारण आंबताना रस तापतो आणि तापला की सुगंध उडून जातो. विज्ञानाच्या शिक्षकाला एका तासिकेत फळ्यावर जे पटविता येत नाही, ते येथे दहा मिनिटांत पटते. पुढे प्याले येतात. रंग पाहावा, वास घ्यावा, घोट जिभेवर फिरवावा. आणि चव घेणे हेच ज्याचे काम, तो जाणकार घोट गिळत नाही, थुंकून टाकतो. आपले बहुसंख्य पाहुणे हा शेवटचा नियम पाळीत नाहीत, हे सांगणे नलगे.

न दाखविली जाणारी गोष्ट म्हणजे वेल. युरोपात कडाक्याच्या थंडीत वेल झोपी जातो. नाशिकच्या हवेत त्याला ती झोप नाही. म्हणून शेतकरी एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करतो, पावसाळा सरताना दुसरी छाटणी करतो, आणि एवढ्या मजुरीवर पीक घेतो ते एकच. वाइनची द्राक्षे लहान, बियांची, जाड सालीची. ती बाजारात खाण्यासाठी विकता येत नाहीत. कारखान्याने पाठ फिरविली की शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक नाही. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले, बागा वाढल्या. २००८ नंतर मागणी ओसरताच अनेकांनी त्याच बागांवर कुऱ्हाड चालविली. हा इतिहास फेरफटक्यात यावा असे कोणत्याही कारखान्याला सुचत नसावे.

२०२२ साली मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा याच शेतकऱ्याचे नाव पुढे करण्यात आले. वाइन म्हणजे दारू नव्हे, असाही युक्तिवाद झाला. तिच्यात मद्यार्क साधारण बारा-तेरा टक्के असतो, बिअरहून दुप्पट. आणि १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार या राज्यात पिणाऱ्याला आजही परवाना लागतो. शिवाय नाशिकच्या द्राक्षांचा फार मोठा भाग खाण्यासाठी व निर्यातीसाठी जातो; वाइनच्या टाकीत पडतो तो थोडा. त्या थोड्या भागाचे उत्पादक कोण, त्यांचा करार किती वर्षांचा आणि यंदा किलोला भाव काय ठरला, हे पाहुण्याने प्याला हाती घेण्यापूर्वी विचारून पाहावे.