अर्ज कोणाचा ?

पुष्कळ घरांतील मुलगे-मुली आज मोठ्या कंपन्यांच्या अधिकारपदांवरून अमेरिकेंत जातात. “कंपनीनें ग्रीन कार्डाचा अर्ज केला” एवढें कळलें, कीं वडील मंडळी निश्चिंत होतात. तो अर्ज कायद्यानें कोणाचा, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

तेथील १९९० च्या कायद्यानें नोकरीच्या आधारावर कायम निवास देण्याचे वर्ग ठरविले. पहिल्या वर्गांत अधिकाऱ्यांस कंपनीमार्फत वाट आहे. अमेरिकेंत येण्यापूर्वींच्या तीन वर्षांत निदान एक वर्ष परदेशांतील संलग्न कंपनींत अधिकारपदावर काम झालेलें असावें लागतें. नुसता हुद्दा भारी असून भागत नाहीं. व्याकरणाच्या भाषेंत येथें कंपनी कर्ता आणि मनुष्य संप्रदान होय. एकत्र कुटुंबांतही सही कर्ताच करतो. पण तो घरचा असतो. कंपनीस उद्यां माणसें कमी करावींशीं वाटलीं, तर तिला अर्ज मागें घेतां येतो. आणि नोकरी सुटलेल्यास देशांत राहण्यास बहुधा फार तर ६० दिवस मिळतात. २००० च्या कायद्यानें सवलत दिली आहे : शेवटच्या टप्प्याचा अर्ज दाखल होऊन १८० दिवस झाले असल्यास तशाच स्वरूपाच्या दुसऱ्या नोकरीवर काम पुढें चालूं शकतें. पण कोणत्याही एका देशाच्या वांट्यास साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक जागा येत नाहींत. त्यामुळें भारतांत जन्मलेल्यांची रांग लांबली, कीं त्या टप्प्याशीं पोंचणेंच लांबतें.

दुसरी वाट असामान्य योग्यतेची. तींत मनुष्य स्वतःच अर्जदार. मालक नको, नोकरीचें वचनही नको. मात्र जगन्मान्य पारितोषिक नसेल, तर नियमांतील दहा प्रकारच्या पुराव्यांपैकीं निदान तीन द्यावे लागतात, आणि त्यावरही आपण आपल्या क्षेत्रांत अगदीं वरच्या पंक्तींत आहों, अशी अंमलदाराची खात्री पटवावी लागते. नामांकित संस्थेंतील महत्त्वाची भूमिका आणि मोठा पगार, हे दोन पुरावे अधिकाऱ्यापाशीं पुष्कळदां असतात. अडतें तें तिसऱ्यापाशीं. शास्त्रज्ञाच्या निबंधावर त्याचें नांव असतें. नफा कोणामुळें झाला, हें ताळेबंदांत लिहिलेलें नसतें. शिवाय आत्मस्तुति करूं नये असें आपण मुलांस शिकवितों, आणि येथें तर आपल्याविषयींचे वृत्तपत्रांतील लेख, इतरांच्या कामाचें परीक्षण केल्याचीं पत्रें, सारें जपून ठेवावें लागतें. आमच्या मतें यांत संकोच नसावा. न्यायासनापुढें कागद ठेवणारास कोणी गर्विष्ठ म्हणत नाहीं.

दोन्ही अर्ज बरोबरच करण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. पहिला मंजूर झाला असल्यास त्याची तारीख सामान्यतः दुसऱ्यासही लागूं पडते, म्हणजे रांगेंतील जागा जात नाहीं. ज्यांचीं मुलें सोळा-सतरा वर्षांचीं आहेत, त्यांनीं हें आधीं पाहावें. २१ वर्षें पूर्ण झालीं, कीं कायद्यांतील वजावट धरूनही पुष्कळांचीं नांवें आईबापांच्या अर्जांतून गळतात.