नारिंगी नाव, निळे पाणी

पॅरिसजवळची सीन नदी. ऊन पडले आहे, पाणी संथ आहे. एका लांबट नारिंगी नावेत दोन स्त्रिया बसल्या आहेत. त्यांतली एक वल्ही मारते आहे. पलीकडच्या काठावर एक घर, आणि दूर पुलावर आगगाडी. रेन्वार या फ्रेंच दृक्प्रत्ययवादी चित्रकाराने १८७५ साली रंगवलेले हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच्या छापील प्रतीतसुद्धा ती नाव पेटल्यासारखी दिसते. असे का व्हावे?

रंगच भडक आहे, हे उत्तर अर्धेच झाले. नावेसाठी रेन्वारने क्रोम ऑरेंज वापरला, पाण्यासाठी कोबाल्ट ब्ल्यू. ही दोन्ही रंगद्रव्ये एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राची देणगी. पण उरलेले अर्धे उत्तर डब्यात नाही, आपल्या डोळ्यात आहे.

ते सापडले एका तक्रारीतून. शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसमधील गोब्लाँ या गालिचे व भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख होता. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा धागा फिका दिसतो, असे विणकर म्हणत. शेव्हरलने धागा तपासला; रंगाईत काही खोट नव्हती. शेजारचा निळा रंगच काळ्याला फिका पाडत होता! शेजारशेजारचे रंग एकमेकांचे रूप बदलतात, हा नियम त्याने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला, आणि पुढे तो चित्रकारांपर्यंत पोचला.

वर्गात हे सहज दाखवता येते. एकाच राखाडी कागदाचे दोन लहान चौकोन कापा. एक नारिंगी कागदावर ठेवा, दुसरा निळ्या. पहिला निळसर वाटतो, दुसरा किंचित नारिंगी. वर पातळ ट्रेसिंग पेपर पसरला तर फरक अधिकच ठळक होतो. (आम्ही प्रथम चकचकीत घोटीव कागद घेतला, आणि ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाने प्रयोगाचा पुरता बोऱ्या वाजला. कागद बिनचकाकीचा हवा.)

दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकू पेशी असतात. त्यांचे संदेश मेंदूकडे जसेच्या तसे जात नाहीत. वाटेतच त्यांची आपापसांत आणि शेजारच्या भागातील संदेशांशी तुलना होते. पुढे मेंदूतही ती चालू राहते. त्यामुळे नारिंगी भागाच्या कडेला निळेपणाची जाणीव वाढते, आणि निळ्याच्या कडेला नारिंगीपणाची. रेन्वारने हे दोन पूरक रंग शेजारीशेजारी ठेवल्याने दोघेही उजळले.

मुले इथे हमखास एक प्रश्न विचारतात: हेच दोन रंग ताटलीत कालवले तर मळकट तपकिरी का होतो? कारण तिथे प्रत्येक रंगद्रव्य दुसऱ्याने परावर्तित केलेला प्रकाश शोषून घेते, आणि डोळ्यापर्यंत फारसे काही पोचत नाही. शेजारी ठेवलेले रंग मात्र आपापला प्रकाश शाबूत राखतात.

चित्राची प्रत मिळाली तर नावेवर राखाडी कागदाची पट्टी ठेवून पाण्याकडे पाहा, मग पट्टी काढा.