नौकेवरील विद्युत् भारण यंत्रणेतील दोषशोधन

डीझेल एंजिन असलेल्या लहान नौकांवर (उदा., यांत्रिक मासेमारी नौका, शीडनौका) विद्युत् ऊर्जा संचायक घटमालेत म्हणजे बॅटरीत साठविलेली असते. एंजिन चालू असताना त्यावर पट्ट्याने फिरणारा प्रत्यावर्तक (आल्टरनेटर) ती पुन्हा भारित करतो. बॅटरी उतरल्यास एंजिनाचा आरंभक फिरत नाही. तसेच नौकेचे दिवे, रेडिओ दूरध्वनी व तळात साचणारे पाणी उपसणारा विद्युत् पंप बंद पडतात. मोटारगाडीप्रमाणे ढकलून एंजिन सुरू करण्याची सोय समुद्रात नसल्याने हा दोष जिवावर बेतू शकतो. एकामागून एक भाग बदलून पाहण्यापेक्षा दोषाचे स्थान मापनाने निश्चित करणे हेच दोषशोधनाचे मुख्य तत्त्व होय.

कार्य : प्रत्यावर्तकाच्या घूर्णकातील गुंडाळीला कार्बन ब्रशांमार्फत अल्प प्रवाह मिळून चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. घूर्णक फिरल्याने स्थिर गुंडाळ्यांत त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो व डायोड त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात. घूर्णकाचा प्रवाह कमीजास्त करून दाबनियामक विद्युत् दाब मर्यादेत ठेवतो.

बॅटरीची तपासणी : १२ व्होल्टांची शिसे-अम्ल बॅटरी काही तास विनावापर ठेवून मोजल्यास पूर्ण भारित स्थितीत सु. १२·६ ते १२·७ व्होल्ट, अर्धभारित स्थितीत सु. १२·२ व्होल्ट दाब आढळतो. पूर्ण भारित घटातील अम्लाचे वि. गु. सु. १·२७ असते. एखाद्याच घटाचे वि. गु. इतरांपेक्षा बरेच कमी असेल, तर दोष बहुधा त्या घटातच असतो. बॅटरी दीर्घकाळ उतरलेली राहिल्यास पट्टिकांवर लेड सल्फेटाचे कठीण स्फटिक बनून तिची धारकता घटते. म्हणून पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून ठेवल्यावर बॅटरी अधूनमधून भारित करणे आवश्यक असते.

भारणाची तपासणी : एंजिन मध्यम वेगाने चालवून बॅटरीच्या अग्रांवर दाब मोजतात. तो सु. १३·८ ते १४·४ व्होल्ट असावा. दाब वाढतच नसेल, तर प्रत्यावर्तकाच्या अग्रावरही मोजतात. तेथे दाब योग्य पण बॅटरीवर कमी असल्यास प्रत्यावर्तक निर्दोष असून दोष मधल्या तारांत, जोडांत किंवा स्विचात असतो. खाऱ्या हवेने तांब्याच्या तारा व जोड गंजत असल्याने नौकांवर असे दोष वारंवार आढळतात. भार चालू ठेवून धन बाजूस प्रत्यावर्तकाचे अग्र व बॅटरीचे अग्र यांमध्ये, तसेच ऋण बाजूस प्रत्यावर्तकाचे कवच व बॅटरीचे अग्र यांमध्ये व्होल्टमापक जोडतात. कोणत्याही बाजूस सु. ०·३ व्होल्टपेक्षा अधिक घट सदोष जोड दर्शविते. दोन बॅटऱ्या अलग ठेवण्यासाठी साधे डायोड बसविलेले असल्यास त्यांत ०·६ ते ०·७ व्होल्ट घट होते; अशा वेळी नियामकाची दाबसंवेदक तार थेट बॅटरीला जोडावी लागते.

दोन्ही ठिकाणी दाब कमी असल्यास प्रथम पट्ट्याचा ताण, नंतर ब्रशांची झीज, नियामक व डायोड तपासतात. काही रचनांत आरंभीचा चुंबकन प्रवाह सूचक दिव्यातून जातो. त्यामुळे केवळ तो दिवा जळाल्यानेही भारण सुरू होत नाही. दाब १५ व्होल्टच्या वर गेल्यास बहुधा नियामक बिघडलेला असतो व शिसे-अम्ल बॅटरीतील पाणी झपाट्याने कमी होते.

दक्षता : एंजिन चालू असताना बॅटरी अलग करू नये, एकाएकी वाढलेल्या दाबाने डायोड निकामी होतात. लिथियम बॅटरीची संरक्षक यंत्रणा अचानक जोड तोडते तेव्हाही हाच धोका असतो. शिवाय अशी बॅटरी दीर्घकाळ मोठा प्रवाह घेत असल्याने प्रत्यावर्तक तापतो. शिसे-अम्ल बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४% झाले, तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो; म्हणून बॅटरीच्या कप्प्यात वायुवीजन हवे. बॅटरीत समुद्राचे पाणी शिरल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. यास्तव बॅटरी नौकेच्या तळातील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच जागी घट्ट बसवितात.