मोटारीतील ऊर्मिला

रामायणात ऊर्मिलेची जी गत, तीच मोटारीत क्लचची. दसऱ्याला बॉनेटवर हळदकुंकू चढते, झेंडूची माळ आरशाला लटकते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. पण घाटातल्या चढावर सगळ्या कुटुंबाचा भार जो चिमटीत धरून असतो, त्या क्लचची आठवण होते ती तो जळू लागल्यावर, आणि तीही प्रथम नाकाला! सुटीत कोकणात उतरून कुंभार्ली घाटाने परतणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळांना हा करपट वास ठाऊक असेल. मुले विचारतात, “बाबा, काय जळतंय?” बाबा म्हणतात, “पुढच्या ट्रकचा वास आहे.” तो बहुधा ट्रकचा नसतो.

मी शिकवतो मराठी. तेव्हा क्लचवर लिहिण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच, की गेली पंधरा वर्षे एकच गाडी प्राध्यापकाच्या पगारात सांभाळली आहे, आणि आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजात स्टुलावर बसून, चहा पीत, पुष्कळ पाहिले आहे.

क्लचची रचना तशी साधी. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड लोखंडी चाक असते. त्याला बोल्टांनी जखडलेली प्रेशर प्लेट. या दोन ताटांमध्ये थालीपीठ दाबून धरावे तशी मधली क्लच प्लेट, दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर लावलेली. तिचे नाते गिअरबॉक्सच्या दांड्याशी. स्प्रिंगच्या दाबाने तिघे एकजीव होऊन फिरतात, तेव्हा इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते. पायाखालचे पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, दाब सुटतो, मधली प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. इंग्रजीत ‘क्लच’ म्हणजे घट्ट धरणे. आणि आपण क्लच दाबतो तेव्हा नेमकी पकड सुटते! भाषेच्या माणसाला या उफराटेपणाची मोठी मौज वाटते. मराठीने या शब्दाला पर्याय शोधण्याच्या भरीस न पडता त्याला सरळ पुल्लिंगी करून घरात घेतले. प्लेट मात्र स्त्रीलिंगी. आणि झिजते ती तीच.

“सर, प्लेट मरत नाही. तिला मारतात,” असे आमचे मिस्त्री म्हणतात. मारण्याची सर्वांत लोकप्रिय पद्धत म्हणजे हाफ क्लच. चढावर पुढची गाडी थांबली, की ब्रेकऐवजी क्लच अर्धवट सोडून, ॲक्सिलरेटर देत गाडी जागच्या जागी तोलून धरायची. पाहणाऱ्याला कौशल्य वाटते. आत मात्र फ्लायव्हील फिरते आहे, प्लेट थांबली आहे, आणि दोघांच्या घर्षणाने अस्तर जळते आहे. अशा वेळी हँडब्रेक ओढावा आणि निघतानाच क्लचला हात, म्हणजे पाय, लावावा. दुसरी पद्धत अधिक सोशिक: गाडी चालवताना डावा पाय पेडलवर सहज विसावलेला ठेवणे. त्या पावलाच्या वजनाने स्प्रिंगचा दाब किंचित ढिला होतो आणि रिलीज बेअरिंगही विनाकारण फिरत राहते. आमच्या घरी हे पथ्य सौभाग्यवती माझ्यापेक्षा काटेकोर पाळते. तिच्या शेजारी बसलो की माझाही डावा पाय आपोआप सरळ होतो.

आता खरा खर्चाचा मुद्दा. क्लच प्लेट काही फार महाग वस्तू नव्हे. पण तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि पैसे जातात ते या उतरवण्या-चढवण्याचे. म्हणूनच एकदा उघडले की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही बरोबरच बदलणे शहाणपणाचे. चारशे-पाचशे रुपये वाचवून जुने बेअरिंग तसेच ठेवले आणि ते सहा महिन्यांनी ओरडू लागले, तर सगळी मजुरी पुन्हा.

पण उघडण्याआधी, उघडण्याची गरज आहे का, हे पाहावे. आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त गृहस्थांना एका गॅरेजने सांगितले, “काका, क्लच गेला.” अंदाज निघाला बारा हजारांचा. पेन्शनीतून बारा हजार म्हणजे घरातल्या किती गोष्टी पुढे ढकलणे, ते मध्यमवर्गीयांना सांगायला नको. त्यांची गाडी जुनी, केबलच्या क्लचची. अशा गाडीत प्लेट झिजत जाते तसतसा पेडलचा मोकळा खेळ, ज्याला मिस्त्री नुसते ‘प्ले’ म्हणतात, कमी होत जातो. तो अगदी संपला की पेडल सोडल्यावरही बेअरिंग स्प्रिंगला दाबूनच राहते आणि क्लच घसरू लागतो. आमच्या मिस्त्रींनी वाकून केबलचा नट दोन-चार आटे फिरवला, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्ले आणून दिला आणि म्हणाले, “काका, अस्तर अजून आहे. वर्षभर तरी ओढेल.” मजुरी म्हणून चहा घेतला. काकांची गाडी त्यानंतर दोन पावसाळे चालली.

खरोखर घसरणारा क्लच ओळखायचा कसा? चढावर ॲक्सिलरेटर दाबावा तर इंजिनाचा आवाज चढतो, वेग मात्र तितकाच. घरच्या घरी परीक्षाही घेता येते. सपाट, मोकळी जागा पाहून, पुढे कोणी नाही याची खात्री करून, हँडब्रेक पक्का ओढावा, उजवा पाय ब्रेकवर ठेवावा, चौथा गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा. क्लच निरोगी असेल तर इंजिन धडपडून बंद पडते. खुशाल फिरत राहिले, तर निदान झाले. ही परीक्षा मात्र रोज घेऊ नये. विद्यार्थ्यांप्रमाणे क्लचही परीक्षांनी झिजतो.

उलटा रोग म्हणजे क्लच पुरता न सुटणे. गिअर टाकताना, विशेषतः रिव्हर्स, करकर वाजते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत केबलऐवजी तेलाच्या दाबाने काम चालते. त्यात हवा शिरली की पेडल स्पंजासारखे मऊ लागते. ती हवा काढून टाकावी लागते. हे तेल ब्रेकचेच. ते हवेतला ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे. आणि गाडीच्या रंगावर सांडू देऊ नये, रंग उचलते. त्याच्या जागी इंजिनाचे तेल कोणी ओतू लागला तर त्याचा हात धरावा. आतली रबरे फुगून निकामी होतात. आवाजाचेही शास्त्र आहे. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर. दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. आणि निघताना गाडी थरथरत असेल तर बहुधा इंजिनाच्या मागच्या सीलमधून गळलेले तेल अस्तराला लागलेले असते. सील न बदलता नुसती प्लेट बदलणे हे गळक्या छताखाली नवी गादी घालण्यासारखेच.

एक सावधगिरी मिस्त्रींसाठी. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर वर्षानुवर्षांनी जीव घेते. आमचे मिस्त्री पूर्वी ती हवेच्या झोताने उडवीत. आता ओल्या फडक्याने पुसतात, आणि पोऱ्याला तेवढा वेळ बाहेर पाठवतात.

“आता काय, ऑटोमॅटिकच घेऊ” असे म्हणणाऱ्यांना सांगायला हवे, की 2014 साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेल्या एएमटी पद्धतीत पेडल गेले, प्लेट नाही. तीच प्लेट आता यंत्र दाबते, आणि घाटात ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर तशीच जळते. क्लचवाचून चालते ती विजेवरची मोटार.

बाकीच्यांनी नवी प्लेट बसवून घेतल्यावर जुनी मागून घ्यावी, बोटांनी अस्तराची जाडी पाहावी. पहिले काही शे किलोमीटर गाडी जपून चालवावी. अस्तर बसायला तेवढे लागतात. पेडल आता हलके लागेल आणि पकड पूर्वीपेक्षा निराळ्या जागी येईल. त्यामुळे सोसायटीच्या फाटकातून निघताना पहिल्या दिवशी एकदोनदा इंजिन बंद पडते. वॉचमन हसतो. हसू द्यावे.