धुवायला टाकावा न लागणारा फोटो

कौतुक कायम कॅमेऱ्याचंच होतं. पोलरॉइडची ती घडी होणारी पेटी किंवा इन्स्टॅक्सचा खेळण्यासारखा गुबगुबीत डबा लोक हातात घेऊन फिरवून फिरवून बघतात. इन्स्टंट फोटोग्राफीत खरं तर कॅमेऱ्याकडे काम थोडंच असतं. भिंग, कळ, दोन रोलर आणि थोडी वीज एवढंच त्याचं भांडवल. बाकी अख्खा कारखाना फिल्मच्या आत असतो. कल्याणच्या पुढे कर्जत लाइनवर राहणाऱ्यांना हे पटवायला फार वेळ लागू नये. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये नात्यागोत्यात कुणी ना कुणी केमिकल कंपनीत पाळी केलेली असते, आणि बॅच बिघडली, पीएच चढला, माल रिजेक्ट झाला या गोष्टी इथे रात्रीच्या जेवणाबरोबर ऐकायला मिळतात.

तर एक पोलरॉइड हातात घ्या. मधे चौकोनी चित्र, तीन बाजूंना बारीक पांढरी कड आणि खाली रुंद पट्टा. या पट्ट्यावर आपण तारीख, गाव, नावं लिहितो. पण तो लिहिण्यासाठी ठेवलेला नाही. त्याच्या आत एक चपटी पुडी असते आणि पुडीत घट्टसर, अल्कधर्मी द्रव. कळ दाबली की फोटो दोन पोलादी रोलरांमधून पिळून बाहेर येतो. त्या दाबाने पुडी फुटते आणि द्रव चित्राच्या थरांमध्ये सारखा पसरतो. रोलरवर कचऱ्याचा कण जरी चिकटला असला तरी त्याची खूण प्रत्येक फोटोवर उमटते, म्हणून शौकीन मंडळी आधी रोलर पुसतात आणि मग कॅमेऱ्याचं भिंग.

रंगीत फिल्ममध्ये निळा, हिरवा आणि लाल प्रकाश टिपणारे चांदीच्या क्षारांचे तीन थर असतात. प्रत्येकाच्या शेजारी पिवळा, किरमिजी आणि आकाशी असा एकेक रंग बसलेला असतो. द्रव पोचला की रंग सुटतात आणि वरच्या थराकडे निघतात. जिथे प्रकाश पडला तिथला रंग चांदी अडवून धरते. जिथे पडला नाही तिथला मोकळा वर जातो. कोण अडकलं आणि कोण निसटलं, याचा हिशेब म्हणजे आपलं चित्र.

यात एक मोठी पंचाईत होती. फोटो कॅमेऱ्यातून बाहेर आला तेव्हा तो तयार झालेला नाही आणि वर मे महिन्याचं ऊन आहे. फिल्म जळून जायला हवी. त्यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो. द्रवात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी घातली आणि सोबत असे रंग घातले, की जे अल्कधर्मी वातावरणात गडद असतात आणि अल्क उतरलं की बिनरंगी होतात. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी गुलाबी होताना पाहिलेलं फिनॉल्फ्थॅलिन याच कुळातलं. हे गडद रंग फोटोवर पडदा धरतात. आतल्या आत काम चालू राहतं. आतला आम्लाचा थर हळूहळू अल्क मारतो, पीएच खाली येतो, पडदा विरतो आणि टायटॅनियमच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर माणसं दिसायला लागतात. अंधारी खोली द्रवातच विरघळवून ठेवलेली.

द्रव घट्ट राहावा म्हणून त्यात सेल्युलोजपासून केलेले पदार्थ घालतात. आमच्याकडे शहाडला सेंच्युरी रेयॉन आहे. तिथे लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज कॉस्टिकमध्ये मुरवून त्याचा घट्ट व्हिस्कोज करतात आणि त्याचा धागा काढतात. गाडी शहाडला थांबल्यावर ज्यांनी नाकाला रुमाल लावला आहे, त्यांनी पोलरॉइडच्या पुडीतल्या द्रवाच्या लांबच्या चुलत्याचा वास घेतलेला आहे.

इन्स्टंट फोटोची ही कल्पना पोलरॉइडचे संस्थापक, अमेरिकेतले एडविन लँड यांची. १९४३ मध्ये सांता फेला सहलीत काढलेला फोटो लगेच का दिसत नाही, असं त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, ही गोष्ट ते पुढे सांगत. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला शास्त्रज्ञांसमोर स्वतःचाच फोटो काढून कागद सोलून दाखवला. नोव्हेंबर १९४८ मध्ये बोस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात पहिला कॅमेरा विक्रीला आला. ती सोलून काढायची फिल्म होती. फोटो ओला असायचा आणि लोक तो हलवून वाळवायचे. न सोलता, हातातच उमटणारा फोटो आला तो १९७२ च्या एसएक्स-७० कॅमेऱ्याबरोबर. दहा फोटोंच्या पाकिटातच चपटी बॅटरी असायची, म्हणजे फिल्म बदलली की वीजही ताजी. फोटो हलवायची सवय मात्र त्या आधीच्या काळातली, ती आजतागायत गेलेली नाही.

बदलापूरच्या एका साखरपुड्यात नवरीच्या धाकट्या बहिणीने इन्स्टॅक्स आणला होता. फोटोग्राफर, त्याचा मदतनीस, ड्रोनवाला, सगळे असताना पाहुण्यांची रांग मात्र तिच्यासमोर. पहिला फोटो निघाला तो मावशीने उचलला आणि थर्मामीटर झटकावा तसा झटकायला लागली. “अगं मावशी, हलवू नकोस! पालथा ठेव.” मावशीने पालथा ठेवला आणि दर पाच सेकंदांनी कोपरा उचलून बघायला लागली. आधी पांढुरका, मग भुरकट, मग साडीची कड, मग दोघींचे दात. “आली गं बाई मी!” हे वाक्य मोबाइलवर फोटो दाखवल्यावर कुणाच्या तोंडून निघत नाही. मोबाइलमध्ये माणूस आधीपासून असतोच. इथे तो येतो.

इन्स्टॅक्सची घडण जराशी वेगळी आहे. पोलरॉइडमध्ये प्रकाश ज्या बाजूने जातो त्याच बाजूने आपण चित्र बघतो, म्हणून कॅमेऱ्यात आरसा लागतो. इन्स्टॅक्समध्ये प्रकाश मागून जातो आणि चित्र पुढून दिसतं. म्हणून कॅमेरा साधा राहतो. मिनी फोटो क्रेडिट कार्डाएवढा आणि दीड मिनिटात तयार. पोलरॉइडच्या रंगीत फोटोला दहा-पंधरा मिनिटं लागतात. फुजीफिल्मने हा प्रकार १९९८ मध्ये आणला, डिजिटल कॅमेऱ्यांनी तो जवळजवळ पुसून टाकला आणि मग स्मार्टफोनच्या ऐन भरात तो परत उठला. २०१८ च्या आर्थिक वर्षात कंपनीने एक कोटी इन्स्टॅक्स विकले. अंबरनाथहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींचे मोबाइल नीट बघा. पारदर्शक कव्हरच्या मागे, कॅमेऱ्याच्या खाली, एक छोटा इन्स्टॅक्स सरकवलेला असतो. हजारो फोटो मावणाऱ्या यंत्राच्या पाठीवर एकुलता एक कागदी फोटो!

फोटो जागच्या जागी हातात देणं आपल्याकडे नवं नाही. जत्रेत, कोर्टाबाहेर मिनिट कॅमेरेवाले बसत. लाकडी पेटी, एका बाजूने हात घालायला काळ्या कापडाची बाही, आत डेव्हलपर आणि फिक्सरची भांडी. फोटोवाला आधी कागदावर निगेटिव्ह काढी, मग तिचाच पुन्हा फोटो काढून सरळ प्रत हातात देई. गेटवे ऑफ इंडियाचे फोटोग्राफर पूर्वी पत्ता लिहून घेत आणि फोटो पोस्टाने गावी धाडत. आता पाठीवरच्या पिशवीत प्रिंटर असतो. यातला मिनिट कॅमेरा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो मोडला तर सुतार दुरुस्त करू शके आणि कागद-केमिकल कुठल्याही फोटोच्या दुकानात मिळे. इन्स्टंट फिल्मचं तसं नाही. तिचा भक्त कितीही हुशार असो, तो ती घरी करू शकत नाही. शौक सगळा गिऱ्हाइकाचा, जीव मात्र कारखान्याच्या हातात.

तो जीव किती वेळा टांगणीला लागला ते बघण्यासारखं आहे. १९७६ मध्ये कोडॅकने स्वतःचा इन्स्टंट कॅमेरा काढला, पोलरॉइडने पेटंटसाठी कोर्टात खेचलं आणि जानेवारी १९८६ मध्ये कोडॅकला हा धंदा बंद करावा लागला. नंतर भरपाईपोटी ९२ कोटी डॉलरच्या वर रक्कम मोजावी लागली. ज्यांच्या घरात कोडॅकचे कॅमेरे होते त्यांचे कॅमेरे चांगले चालू स्थितीत असताना निकामी झाले. पुढे पोलरॉइडचीच पाळी आली. २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये इन्स्टंट फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं.

नेदरलँड्समधल्या एन्स्केडे गावच्या कारखान्यात शेवटची यंत्रं उभी होती. ती भंगारात जाण्याआधी व्हिएन्नाचे फ्लोरियन काप्स आणि त्या कारखान्यातच वर्षानुवर्षं काम केलेले आंद्रे बोसमन यांनी सुमारे ३१ लाख डॉलर जमवून विकत घेतली, इमारत भाड्याने घेतली आणि मूठभर जुन्या कामगारांना परत बोलावलं. नाव ठेवलं इम्पॉसिबल प्रोजेक्ट. यंत्रं आली, माणसं आली आणि मग कळलं की कच्चा मालच नाही. निगेटिव्ह अमेरिकेत बनायची, ती बंद. रंग बंद. काही रसायनं करणाऱ्या कंपन्यांनी आपला प्लॅन्टच गुंडाळलेला. जुनी कृती हातात असून उपयोग नव्हता; नवी फिल्म मुळापासून शोधावी लागली. २०१० मध्ये बाजारात आलेली त्यांची पहिली फिल्म कृष्णधवल होती आणि लहरी होती. सुरुवातीच्या फिल्मला तो गडद पडदा नीट धरता येत नव्हता, त्यामुळे फोटो बाहेर येताक्षणी हाताने झाकावा लागे. लोकांनी तरीही पैसे मोजले. त्या चिकाटीला मी मानतो. २०१७ मध्ये याच मंडळींच्या गोतावळ्याने पोलरॉइड हे नावही विकत घेतलं आणि २०२० पासून एन्स्केडेची फिल्म पुन्हा नुसत्या पोलरॉइड नावाने विकली जाते. पाकिटात पूर्वी दहा फोटो असत, आता आठ.

सोलायच्या फिल्मला असा वाली मिळाला नाही. ती शेवटी फुजीच बनवत होती. २०१६ च्या सुरुवातीला तिची शेवटची रंगीत फिल्म, एफपी-१००सी, बंद झाल्याचं जाहीर झालं. काप्स जपानला जाऊन विनवण्या करून आले, पण यंत्रं वाचली नाहीत.

हे वाचताना मला कल्याणजवळच्या मोहोन्याची एनआरसी ही रेयॉन कंपनी आठवते. २००९ मध्ये ती बंद पडली, कामगारांची देणी वर्षानुवर्षं रखडली आणि रेयॉनचा हात बसलेली माणसं कुणी रिक्षा घेतली, कुणी वॉचमन झालं. कंपनी बंद झाली की यंत्र विकता येतं, जमीनही विकता येते. पण कुठल्या तापमानाला बॅच फाटते आणि रोलरचा आवाज बदलला की काय समजायचं, हे ज्यांच्या कानाला माहीत आहे ते घरी बसतात आणि म्हातारे होतात. एन्स्केडेत बोसमनसारखी माणसं वेळेवर सापडली म्हणून निभावलं. दोन-चार वर्षं उशीर झाला असता तर नुसती यंत्रं घेऊन काय करायचं होतं? आपल्याकडे फिल्म करणारा सरकारी कारखाना उटीला होता, हिंदुस्थान फोटो फिल्म्स. १९६० मध्ये स्थापन झालेला तो कारखानाही असाच मिटला.

आज हातात उमटणारी फिल्म मोठ्या प्रमाणावर करणारी ठिकाणं दोनच म्हणावीत: एन्स्केडेचा पोलरॉइड आणि जपानच्या कानागावा प्रांतातला फुजीचा आशिगारा कारखाना. फुजीने २०२३ मध्ये उत्पादन वाढवण्यासाठी नवी गुंतवणूक जाहीर केली, म्हणजे तिकडे तूर्त काळजी कमी. पोलरॉइडची स्थिती नाजूक आहे, कारण तिचे पुरवठादार थोडे आणि गिऱ्हाइकंही मोजकी. परदेशातच एका फोटोला दोन डॉलरच्या वर पडतात, इथे येईपर्यंत आणखी. आणि धोका दरवाजा ठोठावून येईल असंही नाही. एखाद्या रंगाचा इंटरमीजिएट करणारी कुठली तरी लहान कंपनी तोट्यात म्हणून तो बंद करते, आणि ती बातमी कुणी छापत नाही.

दुसरी काळजी घरातली आहे. या फोटोला पुन्हा प्रत काढता येईल अशी निगेटिव्ह नसते. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापूर-कल्याणच्या घरांत शिरली तेव्हा लग्नाचे अल्बम पानापानाला चिकटून लगदा झाले. ज्यांची स्टुडिओवाल्याकडे निगेटिव्ह शिल्लक होती त्यांनी पुन्हा फोटो धुवून घेतले. इन्स्टंट फोटोला ती सोय नाही. स्कॅन करून ठेवता येतो, पण स्कॅनमधून तो मावशीने झटकलेला कागद येत नाही.

म्हणून काही जण फिल्मचे पॅक घेऊन फ्रिजमध्ये साठवतात. भाजीच्या कप्प्यात फिल्म ठेवणं ठीकच आहे. चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यात फिल्मचे रंग लाल-पिवळ्याकडे घसरतात. पण साठा करून हा शौक वाचत नाही. पुडीतला द्रव वर्षा-दोन वर्षांत सुकायला लागतो, पोलरॉइडच्या जुन्या पाकिटातली बॅटरी मरते, आणि कपाटात जपलेल्या पाकिटातून शेवटी पिवळट डाग बाहेर येतात. एन्स्केडेच्या लोकांना साठा करणाऱ्याचा काही उपयोग नाही. त्यांना दर महिन्याला एक पॅक संपवणारा आणि पुढच्या महिन्यात नवा घेणारा माणूस हवा आहे, आणि त्या भावाने असा माणूस आमच्या लाइनवर फार मिळायचा नाही.