कंसातील संदर्भांचा क्रम

मराठी सौंदर्यविचाराची वाटचाल सांगताना विद्यार्थी वाक्याच्या शेवटी (मर्ढेकर, १९५५; पाटणकर, १९७४) असा कंस देतो. ‘सौंदर्य आणि साहित्य’ आधीचे, ‘सौंदर्यमीमांसा’ नंतरची. विचाराची दिशा क्रमातूनच कळते. मात्र झोटेरोसारख्या संदर्भ-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एपीए शैली निवडली, की कंस (पाटणकर, १९७४; मर्ढेकर, १९५५) असा उलटतो. हा बिघाड नव्हे. एपीए शैलीत एका कंसातील संदर्भ आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावतात; सॉफ्टवेअर तो नियम पाळते. शिकागोच्या लेखक-वर्ष पद्धतीत मात्र क्रम लेखकाच्या विवेकावर सोडलेला आहे.

पुष्कळजण असा कंस हाताने टंकून दुरुस्त करतात. तसे करू नये. संदर्भ रिफ्रेश केले की ती दुरुस्ती पुसली जाऊ शकते. झोटेरोत संदर्भाची चौकट उघडून आपोआप क्रम लावण्याची खूण काढावी आणि नावे ओढून हव्या त्या जागी न्यावीत.

वर्णानुक्रमातही एक मेख आहे. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ‘क्ष’ शेवटी, ‘ळ’नंतर येतो, संगणकाच्या लेखी ते ‘क’ आणि ‘ष’ यांचे जोडाक्षर. त्यामुळे क्षीरसागर हे नाव कुलकर्णींच्या शेजारी जाऊन बसू शकते. कोणताही क्रम स्वीकारावा, पण कंसात आणि अखेरच्या सूचीत तोच ठेवावा.

आणि कालक्रम हाच आपला युक्तिवाद असेल, तर तो कंसावर सोपवू नये. ‘मर्ढेकर (१९५५) यांच्या सिद्धान्ताची पाटणकर (१९७४) यांनी चिकित्सा केली’ असे वाक्यातच लिहावे. वाक्यातला क्रम कोणतेही सॉफ्टवेअर बदलत नाही.