दसऱ्याच्या कुंडीसाठी झेंडू : जात आधी की तारीख आधी?

टोकियोच्या रोपविक्रेत्यांसाठी झेंडू हे मुख्यतः वसंतातलं रोप आहे. एप्रिल ते जून या काळात नऊ सेंटिमीटरच्या प्लॅस्टिक पॉटमध्ये ते दुकानोदुकानी मांडलेलं असतं. ऑक्टोबरात त्या मांडणीवर शेवंती आणि पॅन्सी येतात. एदोगावा प्रभागातल्या निशी-कसाईच्या मराठी घरांना मात्र झेंडू नेमका तेव्हाच हवा असतो. म्हणून ठेंगणे झेंडू कुंडीत वाढवून दसरा-दिवाळीला विकावेत, ही कल्पना मनापासून पटण्यासारखी आहे. ती फसते ती मेहनत कमी पडल्यामुळे क्वचितच. जात निवडताना धरलेल्या काही समजुती तिला फसवतात.

सगळ्यात घट्ट समजूत अशी, की कुंडी लहान घेतली की झाड आपोआप ठेंगणं राहतं. मुळं कोंडली की झाड खुरटतं हे खरं, पण खुरटलेलं झाड आणि ठेंगणी जात यांत मोठा फरक आहे. शेतात हाराच्या फुलांसाठी लावतात तो उंच आफ्रिकन झेंडू नऊ सेंटिमीटरच्या पॉटमध्ये ठेवला तर खालची पानं पिवळी पडतात, दांडा काडीसारखा वाढतो आणि शेंड्याला एखादंच फूल येतं. असं रोप कुणी विकत घेणार नाही. ठेंगणेपण बियाण्यातच असावं लागतं.

ठेंगणा म्हणजे बारीक फुलांचा फ्रेंच झेंडू, हेही अर्धंच खरं. 'बोनान्झा', 'दुरांगो', 'सफारी' या फ्रेंच मालिका साधारण २५ ते ३० सेंटिमीटर वाढतात आणि छोट्या पॉटमध्ये छान भरतात. पण 'अँटिग्वा' आणि 'ताइशान' या आफ्रिकन मालिकाही तेवढ्याच उंचीच्या आहेत, आणि त्यांचं फूल आपल्याकडच्या गोंड्यासारखं टपोरं, सात-आठ सेंटिमीटरचं असतं. दसऱ्याला ज्यांना 'आपला' झेंडू हवा असतो, त्यांना हेच फूल ओळखीचं वाटेल. या मालिकांना कुंडी मात्र बारा ते पंधरा सेंटिमीटरची लागते.

आता खरा मुद्दा. गावाकडे झेंडू दसऱ्याला फुलतो, म्हणून तेच बी टोकियोतही दसऱ्याला फुलेल, असं गृहीत धरलं जातं. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, टोकियो पस्तीसच्या पुढे. जूनअखेर पुण्यातला दिवस सव्वातेरा तासांच्या आतबाहेर असतो, टोकियोतला साडेचौदा तासांचा. उंच आफ्रिकन झेंडू दिवस लहान होऊ लागले की लवकर कळ्या धरतो. दिवस लांब असेल तर तो पानं आणि उंचीच वाढवत राहतो. त्यामुळे जूनमध्ये पेरलेलं झाड टोकियोच्या उन्हाळ्यात माणसाच्या कमरेला लागतं आणि तरीही त्यावर कळी दिसत नाही. रात्रभर दिवा चालू असलेल्या बाल्कनीत हा उशीर आणखी वाढू शकतो. व्यावसायिक उत्पादक अशा जातींना उगवणीनंतर सुमारे दोन आठवडे काळं कापड झाकून दिवस मुद्दाम लहान करतात. फ्रेंच झेंडूला दिवसाच्या लांबीचं फारसं सोयरसुतक नसतं आणि 'अँटिग्वा'सारख्या ठेंगण्या आफ्रिकन मालिकाही तिच्यावर फार कमी अवलंबून असतात. कुंडीतल्या विक्रीसाठी ठेंगणी जात मला महत्त्वाची वाटते ती मुख्यतः यासाठी: तिची तारीख आपल्याला ठरवता येते.

तारीख म्हणजे काय, हे याच प्रभागाकडून शिकावं. दर वर्षी ६ ते ८ जुलैला इरिया इथे भरणाऱ्या आसागाओच्या, म्हणजे मॉर्निंग ग्लोरीच्या, बाजारातल्या कितीतरी कुंड्या एदोगावातल्या उत्पादकांनी वाढवलेल्या असतात. त्या तीन दिवसांत झाड फुलावर असलंच पाहिजे. आपल्याला तर आणखी एक अडचण आहे, आपली तारीख सरकते. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता, २०२६ मध्ये तो २० ऑक्टोबरला आहे. फ्रेंच झेंडू पेरणीपासून ५० ते ६० दिवसांत फुलतो, ठेंगणा आफ्रिकन त्याहून थोडा उशिरा. सणाच्या आठवडाभर आधी पॉट विक्रीला तयार हवा आणि शरदातल्या गार रात्रींसाठी थोडे दिवस हाताशी ठेवायचे, हे धरलं तर २०२६ साठी फ्रेंचची पेरणी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आणि आफ्रिकनची जुलैच्या शेवटी येते. गेल्या वर्षीची वही तशीच उतरवली तर फुलं सणाआधीच सुकतील.

झेंडूला ऊन कितीही सोसतं, असंही म्हणतात. ऊन सोसतं, पण टोकियोच्या जुलै-ऑगस्टच्या दमट उकाड्यात आणि उबदार रात्रींत फ्रेंच झेंडू फुलणं कमी करतो. वसंतातली झाडं जुलैअखेरीस अर्ध्यावर छाटतात, मग ती शरदात पुन्हा भरतात. ही छाटणी करायला हात धजत नाही, पण ती करावीच.

झेंडू लावला की कीड फिरकत नाही, ही समजूतही बाल्कनीत महागात पडते. कानागावातल्या मिउरा द्वीपकल्पावरचे मुळ्याचे शेतकरी झेंडू लावतात तो जमिनीतल्या सूत्रकृमींसाठी: पूर्ण शेतात, दाट, महिनोन्‌महिने. कुंडीतल्या एका झाडाचा तसा उपयोग नाही. उलट कोरड्या, वाऱ्याच्या गॅलरीत लाल कोळी आधी त्याच्याच पानामागे जाळं धरतो.

दुकानातलं सुबक रोप आणून त्याची उंची पाहून जात ठरवू नये. रोपवाटिकांत वाढ रोखणारी औषधं वापरतात. त्यांचा असर उतरला की झाड उंच होऊ लागतं. मालिकेचं नाव लेबलवर वाचावं. संकरित झाडाचं बी धरून पुढल्या वर्षी तसंच रोप येईल ही आशाही धरू नये. उंची आणि फूल दोन्ही विखुरतात. नोंदणीकृत वाणाच्या काड्या लावून परवानगीशिवाय रोपं विकणं हा जपानच्या कायद्याने गुन्हा आहे. भारतातून बी आणायचं तर पाकीट कितीही लहान असो, भारताचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सामानातून आणा की टपालाने.

एवढं करूनही ठेंगण्या झाडांवरून तोरणासाठी किलोभर फुलं मिळतील असं कुणाला सांगू नये. ते काम शेतातल्या उंच जातींचं, 'पुसा नारंगी गेंदा'सारख्यांचं. कुंडी विकायची ती देवघराशेजारी ठेवायला, तिच्यावर उमललेली एक-दोन फुलं आणि रंग दाखवणाऱ्या भरपूर कळ्या असताना. कळ्या मोजूनच किंमत लावावी. शेवटी जागेचा प्रश्न: भाड्याच्या घराचा करार राहण्यापुरता असतो, शिवाय बाल्कनीतली शेजारच्या घराकडची पातळ फळी आणि खाली उतरायचं झाकण आगीच्या वेळी सुटकेसाठी मोकळं ठेवावं लागतं. म्हणून विक्रीइतक्या कुंड्या ठेवण्याआधी घरमालकाची परवानगी घ्यावी, नाहीतर भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा शोधावा आणि तिथे विक्रीला मुभा आहे का तेही विचारावं.